विधवेच्या ट्रंकेतल्या गोळ्या

लाडकुंवरला जळगावात देऊन पाच वर्षं होतात न होतात तोच चंपालाल विषमज्वराने गेला. पदरी मूलबाळ नव्हतं. धुळ्याहून बाप आला, ओसरीवर चार दिवस बसून राहिला, आणि निघताना लेकीला म्हणाला, "आता हेच तुझं घर. इथून तुझी तिरडीच निघू दे, म्हणजे माझी मान वर राहील." लाडकुंवर तेव्हा विशीत होती. तिने मान हलवली. मान हलवण्यापलीकडे तिला कोणी काही विचारलंही नव्हतं.

सासरा हस्तीमल शेठ दाणाबाजारातला आडत्या. घरात बोली मारवाडी, बाजारात मराठी. सासू हीराबाई कडक, जैन धर्माला पक्की. सूर्य मावळला की घरात पाण्याचा थेंबही कोणी तोंडात घालायचा नाही, पर्युषणात हिरवी भाजी उंबऱ्याच्या आत यायची नाही. लाडकुंवरच्या अंगावर एकरंगी लुगडं आलं, हातातल्या बांगड्या गेल्या आणि स्वयंपाकघर तिच्या गळ्यात पडलं. पापड, मुगोड्या, लोणची, पाहुण्यांची ताटं, सगळं तिच्या हातचं. वर्षभराने धाकटा दीर मोहनलाल याचं लग्न झालं आणि पाचोऱ्याहून कुसुमलता घरात आली. सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागेल अशी.

जावाजावांचं कुठे जमत नाही म्हणतात. या दोघींचं जमलं. लाडकुंवरला घरात बोलायला कोणी नव्हतं आणि कुसुमला घरात कोणाशी बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून असेल. कुसुम तिला भाभीजी म्हणायची आणि दुपारी तिच्याच पायाशी चटई टाकून आडवी व्हायची. पहिली मुलगी बदाम झाली ती लाडकुंवरच्याच मांडीवर वाढली. रात्री आईकडे, दिवसभर मोठ्या आईकडे.

मग दुसरी मुलगी, मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी हीराबाई बारशाला जरा कमी साखर वाटायची. तिसऱ्या खेपेला मुलामागून यायची वार सुटून आली नाही, कुसुमच्या अंगावरून इतकं रक्त गेलं की बाजेखालची जमीन धुवावी लागली. चौथ्या खेपेला दवाखान्यात नेलं होतं म्हणून वाचली. पुन्हा तेच झालं होतं. कुंदाबाई डॉक्टरणीने आत हात घालून वार काढली, बाहेरून दोन बाटल्या रक्त मिळवलं, आणि दुसऱ्या दिवशी मोहनलालला बाजूला बोलावून सांगितलं, "आता पुरे. पुढच्या खेपेला मी हिला वाचवू शकेन असं मला वाटत नाही. ऑपरेशन करून टाका."

मोहनलालने ते घरी येऊन आईला सांगितलं. हीराबाई म्हणाली, "डॉक्टरांचं काय जातं सांगायला? वंश त्यांचा बुडतोय का?" हस्तीमल शेठ उठून दुकानात गेले. म्हणजे विषय संपला. मोहनलाल वाईट माणूस नव्हता. आई बोलली की त्याचं बोलणं संपायचं, एवढंच.

कुसुम वर्षभर पिवळी पडून राहिली. जिना चढताना मधेच बसायची. एका दुपारी पोळ्या लाटता लाटता ती हळूच म्हणाली, "भाभीजी, धाकटी आता दूध सोडायला लागली. आता मला पुन्हा दिवस जातील. मला मरायची भीती नाही वाटत हो, पण या चौघींना कोण?" आणि पोळी लाटतच राहिली. लाडकुंवरने तव्यावरची पोळी करपू दिली. त्या दिवसापर्यंत तिने घरात कोणाला न विचारता काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, धाकटीला डॉक्टरणीला दाखवायचं म्हणून, ती कुसुमला घेऊन कुंदाबाईंकडे गेली. विधवा मोठी सून सोबत आहे म्हटल्यावर हीराबाईने परवानगी दिली. कुंदाबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला तुटक. त्यांनी लाडकुंवरचं म्हणणं ऐकून घेतलं. गर्भाशयात लूप बसवण्यात अर्थ नाही, हिला आधीच रक्त कमी आणि लूपने पाळी जास्त जाते, असं म्हणाल्या. नवऱ्याच्या ऑपरेशनचं त्यांनी नावही काढलं नाही, त्या जळगावातच वाढलेल्या होत्या. मग कुसुमचं ब्लडप्रेशर पाहिलं, पायाच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, कधी कावीळ झाली होती का, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारलं. आणि कपाटातून गोळ्यांची एक पट्टी काढली.

"कंपनीचा माणूस नमुने ठेवून जातो," त्या म्हणाल्या. "इथल्या बायका घेत नाहीत, तशाच पडून राहतात. नीट ऐका दोघी. बाईच्या पोटात दर महिन्याला एक अंडं पिकून बाहेर पडतं. ते पडलं तरच दिवस राहतात. या गोळीत दोन औषधं आहेत. गरोदर बाईचं शरीर जी स्वतः तयार करतं ना, त्याच जातीची. ती रोज पोटात गेली की शरीराला वाटतं, आपण भरलेलेच आहोत. केळीच्या खोडाला घड लागला की त्याच खोडाला दुसरं केळफूल येतं का? नाही ना. तसंच. अंडं सुटतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो घट्ट होतो, पुरुषाचं बीज आत शिरायला वाट राहत नाही."

कुसुम घुंगटातल्या घुंगटात लाजून अर्धी झाली. लाडकुंवरने मात्र शब्द न् शब्द धरून ठेवला.

"रोज एक. रोज ठरल्या वेळी. एकवीस दिवस घ्यायची, मग सात दिवस बंद. त्या सात दिवसांत पाळी येईल. आठव्या दिवशी, रक्त थांबलेलं असो नसो, नवी पट्टी सुरू. एखादे दिवशी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि त्या दिवशीची वेगळी. दोन दिवस चुकली तर नवऱ्यापासून दूर राहायचं आणि माझ्याकडे यायचं. ही गोळी अंगात साठत नाही. बंद केली की तिचं राज्य संपलं. सुरुवातीला मळमळेल, छाती जड वाटेल, ते जातं. पण एक पाय सुजला, दुखला, किंवा डोकं फुटेल असं दुखलं, की घरात कोणाला न विचारता इथे या."

घरी आल्यावर पहिला प्रश्न, गोळ्या ठेवायच्या कुठे? कुसुमच्या कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. खोलीत नवरा. लाडकुंवरच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती, तिला कुलूपही नव्हतं. विधवेच्या ट्रंकेत कोण कशाला हात घालील? गोळ्या तिथे गेल्या, जुन्या लुगड्यांच्या घडीत.

दुसरा प्रश्न वेळेचा. सूर्यास्तानंतर या घरात पाणी नाही, तर रात्री झोपताना गोळी कशी घ्यायची? सकाळी सगळे उठलेले. शेवटी संध्याकाळच्या जेवणाची वेळ ठरली. पुरुषांची ताटं उचलली की दोघी जावा चुलीपुढे बसायच्या, आणि पहिल्या घासाबरोबर लाडकुंवर मुठीतली गोळी तिच्या ताटात सोडायची. पट्टी संपत आली की काहीतरी निमित्त काढून तीच कुंदाबाईंकडून नव्या आणायची.

पहिल्या महिन्यात कुसुमला ओकाऱ्या झाल्या. हीराबाईचा चेहरा फुलला. तिने स्वतःच्या हाताने कैरीचं लोणचं वाढलं, "आता नातू" असं शेजारणीला सांगितलं. आणि मग पट्टी संपली, तीन दिवसांनी कुसुम पाळीची म्हणून मागच्या खोलीत दूर बसली. हीराबाई त्या दिवशी जेवली नाही. पुढे दर महिन्याला, अगदी ठरल्यासारखी, कुसुम दूर बसायची आणि हीराबाई दर महिन्याला थोडी जास्त आंबट व्हायची. सुनांचं दूर बसणं सगळं घर पाहतं. त्या घरात तीच पंचांगासारखी खात्रीची गोष्ट होती.

अडचण उपासाला यायची. पर्युषणात सासूने सगळ्यांना उपास धरायला लावले. उपासाला उकळलेलं पाणी सोडून पोटात काही जाता कामा नये, औषधसुद्धा अन्नातच धरलेलं. कुसुम रडायला लागली. "भाभीजी, उपास मोडला तर पाप लागेल." लाडकुंवरने गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. "पाप माझ्या माथ्यावर. मी मागच्या जन्मी काय केलं म्हणून हे भोगतेय ते तरी कुणाला माहीत आहे? त्यात हे आणखी एक." कुसुमने डोळे मिटून गिळली.

एकदा घरी पाहुणे होते, दोघींची पळापळ झाली आणि गोळी राहून गेली. सकाळी लाडकुंवरच्या लक्षात आलं. मोऱ्यांकडे जाताना कुसुमला गाठून तिने ती तिथेच घ्यायला लावली, संध्याकाळी दुसरी दिली, आणि पुढची पाळी येईपर्यंत स्वतः धड जेवली नाही.

पण पाळी आली. आणि असं करत दीड वर्ष गेलं. कुसुमच्या गालांवर रंग चढला. जिना ती न थांबता चढू लागली. धाकटीला पाठीवर घेऊन अंगणात घोडा घोडा खेळताना ती पुन्हा पूर्वीसारखी पदर तोंडात कोंबून हसायला लागली, आणि लाडकुंवर पापड वाळत घालता घालता बघत राहायची. तिच्या स्वतःच्या आयुष्यात कोणाला काही दिल्याचं समाधान तिला तेव्हा मिळालं.

एकोणीसशे सत्तर साल. पर्युषण तोंडावर आलं होतं. लाडकुंवर जैनांच्या स्थानकात साध्वींचं व्याख्यान ऐकायला गेली होती. हीराबाईला बसण्यासाठी लोकरीचं पांढरं आसन हवं होतं. चंपालालचं एक आसन लाडकुंवरकडे आहे हे तिला आठवलं आणि तिने ट्रंक उघडली. आसन सापडलं. त्याच्याखाली गोळ्याही सापडल्या, तीन पट्ट्या, एक अर्धी संपलेली.

हीराबाईला वाचता येत नव्हतं. सून आजारी आहे आणि सांगत नाही असंच तिला आधी वाटलं, अगदी काळजीच वाटली. तिने पट्टी मोहनलालकडे दिली, तो औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाकडे घेऊन गेला. परत आला तो मान खाली घालून.

लाडकुंवर स्थानकातून आली तर सगळे ओसरीवर. हस्तीमल शेठ लोडाला टेकलेले, मोहनलाल भिंतीशी, कुसुम धाकटीला कडेवर घेऊन दाराआड. हीराबाईने पट्टी तिच्या पायापुढे फेकली.

"मूल होऊ नये म्हणून बायका घेतात त्या गोळ्या आहेत या. तुझ्या ट्रंकेत निघाल्या. तुला कशाला लागतात?"

लाडकुंवरने घुंगट पुढे ओढला. सासऱ्याशी ती कधी थेट बोललेली नव्हती. सासूकडे तोंड करून ती म्हणाली, "माझ्या अंगावरून फार जातं, त्यासाठी कुंदाबाईंनी दिल्या. पाळीच्या त्रासालाही देतात."

"तू दूर बसतेस तेव्हा मला दिसत नाही? चौथ्या दिवशी न्हाऊन चुलीपाशी येतेस. चौदा वर्षांत कधी त्रास म्हणाली नाहीस!"

मोहनलाल पुटपुटला, "खरंच असेल, आई. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारतो."

लाडकुंवरला पुढचं सगळं दिसलं. कुंदाबाईंना विचारलं तर त्या खरं तेच सांगतील. मग कुसुमच्या गोळ्या बंद, आणि पुढच्या खेपेला ती मरेल. तिने दाराकडे पाहिलं. घुंगटाखाली कुसुमचा चेहरा दिसत नव्हता, पण कडेवरच्या पोरीचा पाय तिने इतका घट्ट धरला होता की पोरगी रडायला लागली. कुसुम दाराआडून पुढे आली नाही. लाडकुंवर क्षणभर थांबली, खरंच थांबली. मग म्हणाली, "कोणाला विचारू नका. माझ्याच आहेत."

"कोण आहे तो?" हीराबाई किंचाळली.

कोणी असता तर सांगितलं असतं. हस्तीमल शेठ उठले, चपला घातल्या आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "मुनीमजींना सांगा, सकाळच्या मोटारीने धुळ्याला पोचवून या." चौदा वर्षं तिने त्यांचं ताट वाढलं होतं.

सकाळी निघण्याआधी कुसुम स्वयंपाकघरात तिच्या पायांवर पडली. "मी सांगते, भाभीजी. आत्ता जाऊन सांगते."

"नको. सांगितलंस तर दोघीही गेलो." लाडकुंवर तिला उठवत म्हणाली. "कुंदाबाईंकडे जा. बदामचे डोळे दाखवायचंय म्हण, काहीही म्हण. त्या देतील. खाडा करू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी."

सासूने गोळ्या चुलीत घातल्या होत्या. पट्टी अर्ध्यावर तुटल्यामुळे दोन दिवसांतच कुसुम दूर बसली, पण ते बघायला लाडकुंवर तिथे नव्हती. ती एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याकडे चालली होती, पुढच्या बाकावर मुनीमजी, आणि त्यांनी सबंध वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाप वारला होता तेवढं बरं झालं. धुळ्याचं घर आता भावाचं, मोतीलालचं. बातमी तिच्या आधी पोचली होती. भावजयीने दारातच सांगितलं, "मागची खोली आहे. मुलींशी जास्त बोलू नका." तिची थाळी, वाटी, तांब्या वेगळा ठेवला गेला. स्थानकात ती बसली की शेजारची बाई उठून जरा पुढे सरकून बसायची. लाडकुंवर हे सगळं सोसत होती, कारण मनात एक गणित होतं. आपली अब्रू गेली, पण कुसुम जगली. आज तिने गोळी घेतली असेल. आजही घेतली असेल. संध्याकाळी ताट पुढे आलं की पहिला घास तोंडाशी नेताना तिला रोज तेच आठवायचं.

दिवाळी झाल्यावर बेबाबाई भेटायला आली. ती जळगावच्या घरी धुणंभांडी करायची, माहेर धुळ्याजवळचं, बोलणं अहिराणी. मागच्या दाराने येऊन ती पायरीवर बसली, लाडकुंवरच्या तोंडाकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"कशी शे व अक्का?"

"माझं सोड. कुसुम कशी आहे?"

बेबाबाई घुटमळली. "कुसुमभाभीले दिवस शेतस. तिसरा महिना."

लाडकुंवर तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"सासू तिले घरना बाहेर जाऊ देत नही," बेबाबाई सांगत राहिली. "त्या डॉक्टरणीनं नाव घरमा काढानं नही, आसं सांगेल शे. भाभी माले म्हने, अक्काले सांगजो, मन्हा धीर नही व्हयना."

कुसुमचा धीर झाला नव्हता. लाडकुंवरला तिचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. सबंध आयुष्यात ज्या बाईला कधी एकटीने रस्ता ओलांडू दिला नाही, तिच्याकडून आपण धीराची अपेक्षा धरली, हेच तिला आता वेड्यासारखं वाटलं.

मोतीलाल जेवायला आला तशी ती त्याच्यापुढे उभी राहिली. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मोतीलाल घास हातात धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "खरं असेल. पण आता कोण मानील? चारित्र्य गेलेली बाई भरल्या पोटाच्या सुनेवर आळ घेते, असंच म्हणतील. माझ्याही मुली उजवायच्या आहेत, बाई. गप्प बस."

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता एसटीत बसली. जळगावला उतरून सासरच्या गल्लीवरून न जाता बाजारामागून कुंदाबाईंच्या दवाखान्यात गेली. कुंदाबाईंनी तिला ओळखलं आणि खुर्ची दिली. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती आली नाही तेव्हा मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे जायला लागलात. मी चौकशी करायला हवी होती."

"बाई, ते पोट पाडता येईल का?" लाडकुंवरने विचारलं.

"कायद्याने करता येत नाही. आणि तिचं घर आणूही देणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "गोळ्या तिच्या होत्या हे मी त्यांना सांगू का?"

लाडकुंवरने विचार केला. "सांगितलं तर तुमचं पाऊल घरात पडू देतील का?"

"नाही."

"मग नका सांगू. तिला बाळंतपणाला इथे आणतील एवढंच बघा."

कुंदाबाई गेल्या, बोलल्या. सातव्या महिन्यापासून दवाखान्यात दाखवायचं, रक्त जुळणारी दोन माणसं तयार ठेवायची, कळा सुरू होताच आणायचं. नातवाच्या आशेने हीराबाईनेसुद्धा हो म्हटलं. लाडकुंवर धुळ्याला परतली तेव्हा भावजयीने दाराला आतून कडी घातली होती. ती संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिली, मग मोतीलालने कडी काढली.

कळा आठव्या महिन्यातच सुरू झाल्या. एवढ्या लवकर कुठल्या कळा, पोट दुखत असेल, म्हणून हीराबाईने ओव्याचं पाणी पाजलं. मग सुईण बोलावली. दुपार गेली. मोहनलाल दुकानातून आला आणि बायकोचं तोंड बघून टांगा आणायला धावला. दवाखान्यात पोचल्यावर घटकाभरात मुलगा झाला, लहानसा, पण रडला. वार सुटली नाही. कुंदाबाईंनी जे करता येईल ते सगळं केलं. मोहनलालचं रक्त जुळलं नाही. ज्यांना तयार ठेवलं होतं त्यातला एक गावाला गेलेला, दुसऱ्याच्या आईने त्याला दवाखान्यात येऊ दिलं नाही. दिवस मावळायच्या आत कुसुम गेली.

हे लाडकुंवरला बेबाबाईने सांगितलं, पुन्हा त्याच पायरीवर बसून. "पोऱ्या व्हयना व माय," एवढं बोलून ती थांबली आणि लाडकुंवरला पुढचं कळलं. हीराबाईने भेटायला येणाऱ्यांना काय सांगितलं तेही बेबाबाईने सांगितलं. सुलक्षणी होती म्हणे, जाता जाता वंश देऊन गेली.

लाडकुंवर रडली नाही. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. भावजयीने थाळी दारात ठेवली, ती तशीच परत नेली. आपण ओसरीवर खरं बोललो असतो तर? कुसुमला शिव्या बसल्या असत्या, पण कदाचित मोहनलालने एकदा तरी तोंड उघडलं असतं, कुंदाबाईंना सगळ्यांसमोर बोलता आलं असतं. आपण तिला वाचवायला गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्यानेच तिच्या हातापर्यंत गोळी पोचायची एकुलती एक वाट बंद झाली. त्या घरातून औषध आणायला बाहेर पडू शकणारी बाई एकच होती, आणि तीच स्वतःला बाहेर काढून बसली. हे तिला आता लख्ख दिसत होतं, आणि आता ते दिसून काही उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात मोहनलाल आला. सोबत तिची ट्रंक. ती त्याने मागच्या खोलीत ठेवली आणि उभाच राहिला.

"बसा," लाडकुंवर म्हणाली.

तो बसला नाही. "भाभीजी, तिने मला सांगितलं. दवाखान्यात, शेवटी. गोळ्या माझ्या होत्या म्हणाली. भाभीजींना परत आणा म्हणाली."

लाडकुंवर त्याच्याकडे बघत राहिली. एवढं ऐकायला तिचे प्राण इतके महिने कानात गोळा झाले होते, हे तिला त्या क्षणी कळलं.

"मग?" तिने विचारलं.

"आता ती राहिली नाही. लोक तिला सती-सावित्रीसारखं मानतात. आई रोज तिचं नाव घेते. आता हे बाहेर काढलं तर... मुलींच्या आईचं नाव खराब होईल. मुलाला उद्या कोणी विचारलं तर?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आणि आईने माझं दुसरं ठरवलंय. तिकडच्या लोकांना काही कळायला नको. तुम्ही आजवर सांभाळलंत, तसंच पुढेही सांभाळा, एवढी विनंती आहे."

"आणि मला परत आणायचं?"

मोहनलाल खाली बघत होता. मग त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. थोरल्या भावजयीच्या पाया पडायची रीतच होती, पण पट्टी सापडल्यापासून त्या घरातल्या कोणी ती पाळली नव्हती. उठला आणि गेला. लाडकुंवरने त्याला ना हो म्हटलं, ना नाही. तिच्या ना-होला किंमत असती तर तो विचारायला आलाच नसता.

त्यानंतर तिला कोणी कधी काही विचारलं नाही. भावाच्या घरी पापड लाटत, लोणची घालत वर्षं गेली. मोतीलालच्या मुली उजवल्या. लग्नांत ती मागच्या खोलीतच असायची. गल्लीत सरकारी बायका कुटुंबनियोजनाचं सांगत फिरू लागल्या, भिंतींवर लाल त्रिकोण रंगले. कोपऱ्यावरच्या तानुबाईने एकदा तिला सहज विचारलं, "अक्का, त्या गोळ्यांनी खरंच काही होतं का हो? सून घेऊ का म्हणते." लाडकुंवरला सगळं पाठ होतं. तोंडाशी आलंही. मग तिला आठवलं की हे आपल्याला कसं ठाऊक, असं तानुबाई विचारील. "मला काय माहीत," ती म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन मात्र ती कितीतरी वेळ दाराला टेकून उभी राहिली.

बदामचं लग्न धुळ्यातच झालं. हे तिला लग्नानंतर कळलं. मुलीला ती अकरा वर्षांनी पाहणार होती, तेही चातुर्मासात, स्थानकात. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत नवी सून बसली होती, आईसारखाच गोल चेहरा, पोट दिसू लागलेलं. सोबत सासू. लाडकुंवर नकळत उठली, दोन बायकांना ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसली. हात पुढे केला. बोलायचं काही ठरवलं नव्हतं.

बदामने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं, यात शंकाच नव्हती. मग तिने सासूकडे एक नजर टाकली, घुंगट हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि बसायचं आसन उचलून सासूच्या पलीकडे जाऊन बसली.

"कोण गं?" सासूने दबक्या आवाजात विचारलं.

"माझी कोणी नाही," बदाम म्हणाली. "आजी सांगायची, ती बाई चांगली नाही."

वर पाटावर बसून साध्वी उपदेश करत होत्या. लाडकुंवर उठून जाऊ शकली असती, पण व्याख्यान चालू असताना उठायचं नसतं. ती मांडीवर हात ठेवून तिथेच बसून राहिली.